उतरल्यावर पुढं कसं जायचं?

येत्या नोव्हेंबरात आई, ताई आणि दाजी कराडहून माझ्याकडे टोकियोला येणार आहेत. गेले तीन आठवडे रात्री जेवणं आटोपली की मी त्यांच्या प्रवासाचं वेळापत्रक लावत बसते. टोकियो, क्योतो, नारा, हिमेजी, हिरोशिमा, मियाजिमा आणि परत. सगळं रेल्वेनं. दर रविवारी फोनवर एकेक टप्पा वाचून दाखवते. दाजींचा प्रश्न ठरलेला असतो, "बुलेट ट्रेनला किती पैसे पडतात?" आई मात्र प्रत्येक गावाचं नाव ऐकलं की एकच विचारते, "उतरल्यावर पुढं कसं जायचं?" तिचे गुडघे दुखतात, म्हणून विचारते. पण आपल्याकडे रेल्वेवर चाललेल्या सगळ्या वादात नेमका हाच प्रश्न कुणी विचारत नाही, असं मला दिवसेंदिवस वाटू लागलं आहे.

घरच्या ग्रुपवर हा वाद कायमचा आहे. दाजींचं म्हणणं, लोकलच्या दारातून माणसं पडून मरतायत आणि तुम्हाला बुलेट ट्रेन कशाला हवी? पुण्याचा मामेभाऊ म्हणतो, असाच विचार केला असता तर १८५३ साली बोरीबंदर-ठाणे गाडीसुद्धा धावली नसती. दाजींचा राग मला समजतो. सप्टेंबर २०१७ मध्ये अहमदाबादला मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गाचं भूमिपूजन झालं आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून माणसं पडली. ज्याचं माणूस सकाळी डबा घेऊन गेलं आणि परत आलं नाही, त्याला ताशी ३२० किलोमीटरचं कौतुक कसं सांगायचं?

पण इथे अकरा वर्षं राहिल्यावर मला हा 'हे की ते' असा सवालच पटेनासा झाला आहे. जपाननं तो वेगळ्या रीतीनं सोडवला, आणि तो आधीपासून शहाणा होता म्हणून नव्हे. १९५१ साली योकोहामाच्या साकुरागिचो स्थानकात गाडी पेटली, दारं उघडेनात, १०६ प्रवासी गेले. १९६२ साली टोकियोत मिकावाशिमाच्या रेल्वे अपघातात १६० जण गेले. नोव्हेंबर १९६३ मध्ये योकोहामाजवळ त्सुरुमीला १६१. आणि त्याच काळात टोकियो-ओसाका शिनकानसेनचं, म्हणजे इथल्या बुलेट ट्रेनचं, काम चालू होतं! खर्च अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला. तो मार्ग ज्यांनी हट्टानं पुढे रेटला त्या रेल्वेप्रमुख सोगो शिंजी यांना उद्घाटनाआधीच पद सोडावं लागलं. जागतिक बँकेकडून आठ कोटी डॉलरचं कर्ज घेतलेलं होतं. म्हणजे दाजी आज जे जे बोलतात, ते सगळं तेव्हा इथेही बोललं गेलं.

१ ऑक्टोबर १९६४ ला शिनकानसेन सुरू झाली. त्यानंतर रुळांवरून घसरून किंवा धडकून तिच्यातला एकही प्रवासी दगावलेला नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या पुढचं आपल्याकडे कुणी सांगत नाही. १९६५ पासून टोकियोत येणाऱ्या पाच दिशांच्या उपनगरी मार्गांवर दोनाचे चार रूळ करण्याचं प्रचंड काम हाती घेतलं गेलं आणि ते पुढे पंधरा वर्षं चाललं. मी राहते त्या निशी-कासाईहून जाणारा तोझाई भुयारी मार्गही त्याच काळातला, सोबू या उपनगरी मार्गावरची गर्दी वाटून घेण्यासाठी काढलेला. करोनाच्या आधी त्याच्या सकाळच्या गाडीत क्षमतेच्या दुप्पट माणसं असायची. मीही त्यात श्वास कोंडून उभी राहिले आहे. पण दार बंद झाल्याशिवाय ती गाडी हलत नाही. मला आपल्याकडे मागायचं आहे ते हे: एक रूळ अहमदाबादकडे टाकलात, तर त्याच हिमतीनं, त्याच पैशाच्या तयारीनं कल्याण-कसाऱ्याकडे, विरारकडे आणि पनवेलकडे टाका. दाजींनी 'बुलेट ट्रेन नको' म्हणण्यापेक्षा हे मागावं. मामेभावानंही.

आता आईच्या प्रश्नाकडे येते.

शिन-ओसाका हे स्थानक ओसाका शहराच्या मध्यात नाही, नदीपलीकडे आहे. पण शिनकानसेन सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, २४ सप्टेंबर १९६४ ला, मिदोसुजी मेट्रो तिथपर्यंत नेऊन पोचवली होती. पहिल्या दिवशी उतरलेल्या पहिल्या प्रवाशाला पुढे जायला गाडी होती. आपल्या मार्गाचं ठाण्याचं स्थानक म्हातार्डीला आहे, दिव्याजवळ. ते उघडेल त्या दिवशी ठाण्याच्या नौपाड्यातल्या माणसानं तिथवर किती वेळात आणि कशानं पोचायचं, यावर मी चॅनेलवर एकही चर्चा ऐकलेली नाही. सगळी चर्चा दोन तास की तीन तास, यावर.

वेळापत्रक लावताना हे पावलोपावली जाणवतं. शिनकानसेनचा भाग पाच मिनिटांत ठरला. टोकियो ते क्योतो सव्वादोन तास, दर थोड्या वेळानं गाडी. पर्यटकांचा देशभर चालणारा सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनवर गेला, त्यामुळे एवढ्याशा फेरीत तो वसूल होत नाही. सुटी तिकिटंच बरी. मोठ्या बॅगा आदल्या दिवशी कुरियरनं पुढच्या हॉटेलात पाठवायच्या, कारण क्योतोला गाडी जेमतेम दीड-दोन मिनिटं थांबते आणि आईला हात रिकामे हवेत. खरा वेळ गेला तो पुढच्या टप्प्यांत. आणि दरवेळी उत्तर सापडलं.

हिमेजीचंच सांगते. स्थानकाच्या उत्तर दारातून बाहेर आलं की समोर सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला पांढराशुभ्र किल्ला. अंतर एक किलोमीटर. रस्त्याकडेला रुंद पदपथ, बसायला बाकं, आणि चालवत नसेल त्याला बस. मी मागच्या महिन्यात मुद्दाम जाऊन आईच्या चालीनं चालून पाहिलं, दोनदा बाकावर बसून पंचवीस मिनिटं लागली. मुख्य वास्तू १६०९ सालची, लाकडाची, १९९३ पासून जागतिक वारशात. आतले जिने शिडीसारखे उभे आहेत, आई वर चढणार नाही. ती खालच्या अंगणात बसेल आणि आम्ही वर जाऊन येऊ. मार्च २०२६ पासून शहराबाहेरच्यांना २,५०० येन आणि हिमेजीकरांना १,००० येन असं तिकीट झालं आहे. दाजी म्हणाले, हा अन्याय आहे. मला तसं वाटत नाही. अजिंठ्यालाही परदेशी माणसाला ६०० रुपये आणि आपल्याला ४० असतात. आजूबाजूच्या लोकांना आपला किल्ला परवडला पाहिजे.

हा किल्ला वाचला तोही आपोआप नाही. मेइजी काळात, १८७३ च्या हुकुमानं देशभरचे किल्ले मोडीत निघाले. नाकामुरा शिगेतो नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं १८७८ साली वर अर्ज करून हिमेजी आणि नागोयाचा किल्ला राखायला लावला. आज मूळ स्वरूपातल्या किल्ल्यांच्या मुख्य वास्तू सगळ्या जपानात बाराच उरल्या आहेत.

बारा हा आकडा वाचताना मला आपले बारा आठवतात. जुलै २०२५ मध्ये साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी यांना युनेस्कोनं जागतिक वारसा मानलं, त्या रात्री मी इथे एकटीच रडले. ग्रुपवर फटाक्यांचे व्हिडिओ आले. मग वाद सुरू झाले, श्रेय कुणाचं, रोपवे हवा की नको. लोहगडाजवळ मळवली स्थानक आहे, पुणे-लोणावळा लोकल तिथे थांबते, म्हणजे या बारांत रुळाला इतका जवळ असलेला दुसरा गड शोधून सापडायचा नाही. मळवलीच्या फलाटावर गडाच्या पायथ्याला जाणाऱ्या एसटीचं वेळापत्रक लावलेलं असावं आणि त्या वेळेला ती एसटी खरंच यावी, एवढं मागणारा एकही माणूस त्या वादात मला दिसला नाही. साल्हेरला मुक्कामी जायचं तर आजही आपली गाडी असलेलं बरं, असंच कुणीही सांगेल. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याच्या पोरानं तो गड कधी बघायचा?

जपानचं सगळंच गुळगुळीत आहे असं समजू नका. क्योतोच्या बसमध्ये पर्यटकांची इतकी गर्दी झाली की नगरपालिकेला दिवसभराचा बस-पासच बंद करावा लागला. खेड्यापाड्यांतले मार्ग माणसांअभावी मिटत चालले आहेत. १०८ किलोमीटरचा सान्को मार्ग मार्च २०१८ अखेर शेवटचा धावला. शहराला जोडणं त्यांना जमलं, गावाला धरून ठेवणं नाही. हे बघूनही आपण शिकावं.

एक दिवस मी नाऱ्याजवळच्या होर्यूजी या बौद्ध मंदिरासाठी राखला आहे, आईसाठी. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती तिथे आहेत. तिथल्या मुख्य मंडपाच्या भिंतींवर चितारलेल्या बोधिसत्त्वांची तुलना अभ्यासक अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीशी करत आले आहेत. जानेवारी १९४९ मध्ये त्या चित्रांच्या प्रती काढण्याचं काम चालू असताना मंडपाला आग लागली आणि भिंती काळवंडल्या. त्या धक्क्यातून १९५० साली सांस्कृतिक वारसा संरक्षणाचा कायदा आला. २६ जानेवारी हा आपला प्रजासत्ताक दिन, तसा इथे वारसास्थळांच्या अग्निसुरक्षेचा दिवस असतो, त्या आगीच्या आठवणीत.

आईनं अजिंठा एकदाच पाहिलाय, लग्नाआधी, कॉलेजच्या सहलीत. पुन्हा जायची फार इच्छा आहे, पण जळगावला उतरून साठेक किलोमीटर रस्त्यानं जायचं, मग फर्दापूरहून दुसरी बस, हे तिला आता झेपणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला केंद्रानं मंजुरी दिली, त्यात अजिंठा जोडला जाणार आहे. माझ्या लेखी बुलेट ट्रेनइतकीच मोठी बातमी. आमच्या ग्रुपवर त्यावर एक शब्द आला नाही, म्हणून परवा मीच टाकली. दाजींनी लगेच विचारलं, कधी होणार?

रविवारी आईला होर्यूजीचा टप्पा वाचून दाखवला. नाऱ्याहून बारा मिनिटं गाडी.

"उतरल्यावर?"

"बस आहे. पायी वीस मिनिटं, पण आपण बसनंच जाऊ."

"आणि अजिंठ्याला गाडी झाली तर स्टेशन लेण्यांपासून किती लांब असंल गं?"


मी अजून शोधते आहे.