हाफ क्लच

"क्लच," काका म्हणाले. "तू हाफ क्लच मारतोस."

मी मारत नाही. क्लचचं पेडल अर्धवट दाबून ठेवून गाडी चालवायची सवय मला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या सोसायटीत बी विंगपासून वॉचमनच्या केबिनपर्यंत सगळ्यांना आता मी हाफ क्लच मारतो हे ठाऊक झालंय. घडलं होतं एवढंच की गाडी सिग्नलला थांबली की आत जळक्या ऑइलचा वास यायचा आणि चालू लागली की गायब व्हायचा. म्हणून पार्किंगमध्ये बॉनेट उघडून बघत होतो. बॉनेट उघडून उभा असलेला माणूस ही सार्वजनिक मालमत्ता असते.

काका तिसऱ्या मजल्यावरून पेपरची घडी हातात घेऊनच उतरले आणि मुलगी बघायला आल्यासारखे पुढच्या सीटवर ऐसपैस बसले. "काचा वर घे. एसी लाव. बाहेरची हवा आत येऊ दे. अरे, तू श्वास घेऊ नकोस, गोंधळ होतोय." मी श्वास रोखला. काकांनी डोळे मिटून उजवी नाकपुडी दाबली, डावीने हुंगलं. मग उलट.

"दुपारी काय जेवलास?"

"भेंडी."

"लसूण?"

"होता."

"मग तो वजा करायला हवा."

लसूण वजा जाता क्लच उरला. मी म्हटलं, "काका, क्लच जळतो तो घाट चढताना, नाहीतर रिव्हर्सला कसरत करताना. त्याचा वास जळक्या कागदाचा येतो. हा तेलकट आहे."

"तेल कुठून आलं मग?"

"तेच शोधतोय."

"म्हणजे तुला माहीत नाही."

"नाही."

"मला माहीत आहे. क्लच."

एवढ्यावर थांबले असते तर ते काका कसले? तरुणपणी खंबाटकी घाटात त्यांची गाडी तापून बंद पडायची. मग ते इंजिनाशेजारच्या, टाकीतलं पेट्रोल खेचणाऱ्या छोट्या पंपावर ओलं फडकं टाकून बसायचे, आणि तेवढ्यात काकू दशम्या सोडायच्या. ही हकीकत दशम्यांसकट ऐकावी लागली. वॉचमनही ऐकत होता. शेवटी काका त्याच्याकडे वळून म्हणाले, "हल्लीच्या मुलांचा डावा पाय पेडलवरून उठतच नाही." मी सेहेचाळीस वर्षांचा आहे.

वासाचं हे एक असतंच. आमच्या घरी "काहीतरी करपतंय" असं सगळे जण बसल्या जागेवरून म्हणतात. उठत कोणीच नाही. फक्त शेवटी गॅसजवळ कोण होतं, याचा तपास लागतो. गाडीचंही तेच. गाडीची खडखड झाली की दोष रस्त्याचा, अ‍ॅव्हरेज पडलं की पेट्रोलचा. पण वास आला की दोष चालवणाऱ्याचा. बायकोनेसुद्धा संध्याकाळी विचारलंच, "काका म्हणत होते ते खरंय का?"

मग सर्व्हिस सेंटर. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने सगळं ऐकून जॉब कार्डवर दोनच शब्द लिहिले: 'स्मेल इश्यू'. संध्याकाळी बिल आलं 6,840 रुपयांचं. एसीची अंतर्गत सफाई, सीटला फोम, इंजिन धुऊन त्यावर चकाकी आणणारा फवारा आणि डॅशबोर्डवर लव्हेंडरची बाटली. ऑइल गळतं कुठून, हे कोणी बघितलं का? "सर, तशी कंप्लेंट कार्डवर नाहीये." कार्ड त्यानेच लिहिलं होतं! इथे मला विनोद सुचत नाही. डॉक्टरकडे पोटात दुखतंय म्हणून गेलो आणि त्याने केस कापून पाठवलं, तर आपण भांडू. इथे मात्र काचेपलीकडे चकचकीत गाडी दिसते, सोबत फुकटची कॉफी मिळते, आणि आपण मुकाट्याने कार्ड स्वाइप करतो.

पुढच्या सिग्नलला जळकं ऑइल आणि लव्हेंडर एकत्र आले. त्या वासाचं वर्णन करत नाही.

शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने बॉनेटखाली टॉर्च मारला आणि विचारलं, "इंजिन कधी धुतलं? बरं केलंत. आता ताजं ऑइल कुठून येतं ते दिसेल. दोन-चार दिवस चालवून आणा." 6,840 रुपयांचा तेवढाच उपयोग. परत नेली तेव्हा टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कडेला ऑइलची ओली रेघ होती आणि तिच्या बरोब्बर खाली एक्झॉस्टच्या लोखंडावर तपकिरी डाग. कव्हरचं पॅकिंग गेलं होतं. तिथून थेंब तापलेल्या लोखंडावर पडायचा आणि जळायचा. गाडी पळत असताना वारा धूर मागे न्यायचा. थांबली की तोच धूर काचेखालच्या जाळीतून, एसीच्या वाटेने, आम्हाला भेटायला आत यायचा. जुनं पॅकिंग त्याने माझ्या हातात दिलं. रबराचं म्हणे. वाकवायला गेलो तर कडकन तुटलं.

त्याने कडा पुसून घेतल्या, कोपऱ्यांना सिलिकॉन लावलं, नवं पॅकिंग बसवलं आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. जोर केला की पॅकिंग चेपतं आणि पुन्हा गळतं, म्हणाला. इंजिनाची वाफ खेचणारा छोटा व्हॉल्व्ह चोंदला होता, तोही साफ केला. तो बंद असला की आतला दाब ऑइलला बाहेर ढकलतो. सगळे मिळून 750 रुपये. "आधी सांडलेलं ऑइल जळून जाईपर्यंत वास येईल थोडा. घाबरू नका."

मी घाबरलो नाही. पण त्या थोड्या वासातच लिफ्टसमोर काका भेटले. त्यांनी हवेत नाक फिरवलं, माझ्या डाव्या पायाकडे पाहिलं, आणि काही न बोलता तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं.

आज सकाळी सर्व्हिस सेंटरमधून फोन आला. आवाज गोड होता.

"सर, आमच्या सेवेला 10 पैकी किती देणार? 10 च्या खाली दिलं तर तो निगेटिव्ह धरतात, सर."

"गाडीचा वास तुमच्याकडे गेला नाही," मी म्हटलं.

"ओह. कोणता फ्रेग्रन्स होता, सर? आमच्याकडे चंदनपण आहे."