पागोळीखालचा माणूस

पुष्य नक्षत्रात देवगडला पाण्याची टंचाई भोगलेली माणसं महाराष्ट्रात फार नसतील. आमच्या घरात चार आहेत.

पाणी नव्हतं असं नाही. वरून येत होतं, बाजूने येत होतं, वारा फिरला की खालूनही येत होतं. अंथरुणात होतं, बिस्किटांत होतं, मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकात होतं. फक्त टाकीत नव्हतं. आणि ते टाकीत जावं म्हणून जे जे करावं लागतं ते मी केलेलं आहे. खरं म्हणजे माझ्याकडून करवून घेतलेलं आहे.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. ते कुणी किती मनावर घेतलं कोण जाणे, माझ्या मेहुण्याने घेतलं. त्याने एक जुनी मिनीबस घेतली, सीट काढून आत दोन पलंग, एक ओटा आणि एक शेगडी बसवली, ओट्याखाली १०० लिटरची टाकी ठेवली आणि डाव्या अंगाला ऑनिंग लावलं. ऑनिंग म्हणजे नळीवर गुंडाळलेलं कापडी छत. ओढलं की बाहेर येतं आणि पुढच्या दोन कोपऱ्यांना ॲल्युमिनियमचे दोन पाय देऊन उभं राहतं. परदेशात लोक त्याखाली खुर्च्या टाकून बसतात. मुळात ही उन्हासाठीची वस्तू. सोबत आलेल्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं होतं, की जोराचा वारा-पाऊस आला तर ऑनिंग गुंडाळून ठेवावं. मेहुण्याने हे वाचलं आणि आम्हाला जुलैत देवगडला नेलं.

मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी काही लिहिणार नाही. तो विषय अजून पूर्ण व्हायचा आहे.

ओळखीतल्या ओळखीने एका आबांच्या घरासमोरच्या खळ्यात गाडी लावायची परवानगी मिळाली. मागे कलमांची बाग, पुढे सडा म्हणजे कातळाचं उघडं माळरान, सड्याच्या टोकाला समुद्र. १०० लिटर पाणी चार माणसांना किती पुरतं याचा मेहुण्याने आधी हिशेब केला होता. त्या हिशेबात माझ्या मुलीचे केस धरलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंडात फेस घेऊन उभा असताना नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला.

आबा छत्री घेऊन बघायलाच आले होते. म्हणाले, "पानी होया तर बावीवर जावा. बाव भरान व्हावता."

विहीर वीस पावलांवर होती. काठोकाठ भरलेली, वाकून तांब्या बुडवावा इतकी. माझा एक पाय तिकडे निघालाही होता. पण मेहुणा म्हणाला, "नको आबा. आम्ही स्वावलंबी आहोत." तोंडातला फेस गिळल्याशिवाय बोलता येईना, म्हणून माझी हरकत नोंदवली गेली नाही.

मग त्याने मला खाली बसवून गणित समजावलं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. आपलं कापड तीन मीटर बाय अडीच, म्हणजे साडेसात चौरस मीटर. हवामान खात्याच्या लेखी चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की पाऊस जोरदार. इथे जुलैत १०० मिलिमीटर झाला तरी लोक छत्री शोधत शोधत बाजारात जातात. म्हणजे दिवसाला साडेसातशे लिटर! "टाकी साडेसात वेळा भरेल, भाऊजी." गणितात चूक काढायला जागा नव्हती. या माणसाचं कुठलंच गणित चुकत नाही, हेच त्याच्यासोबतच्या प्रवासातलं मोठं दुःख आहे.

पहिला पेच खुंट्यांचा. कापड वाऱ्याने उडू नये म्हणून दोऱ्या ताणून जमिनीत खुंट्या ठोकायच्या असतात. जमीन कातळाची. जांभ्यात खुंटी ठोकायला लागलो तर पहिली वाकली, दुसरी वाकली, तिसरी उडून फणसाच्या झाडाखाली गेली. वारा म्हणाल तर पवनचक्क्या उभारण्यासाठी ज्या गावाची निवड झाली, त्या गावात आम्ही साडेसात चौरस मीटरचं शीड उघडून बसलो होतो. मी एक दोरी माडाला बांधायला निघालो, तेव्हा आबांनी नुसतं वर बोट दाखवलं. वर नारळ होते. शेवटी त्यांनीच कुंपणाचे उरलेले चिरे दिले आणि प्रत्येक दोरी एकेका चिऱ्याला बांधली. ते चिरे कुणी वाहिले हे सांगायला नकोच.

काकींनी ओटीवरूनच कॅलेंडर बघून कळवलं, की या खेपेला पावसाचं वाहन गाढव आहे. हे सांगताना त्यांनी मेहुण्याकडे का पाहिलं ते मी विचारलं नाही.

दुसरा नियम असा, की पहिलं पाणी घ्यायचं नाही. कापडावर धूळ असते, कावळ्यांची कृपा असते, आणि समुद्र एवढा जवळ असला की खारं तुषार येऊन मीठही बसलेलं असतं. ते सगळं पहिल्या सरीने धुऊन जाऊ द्यायचं आणि मग बादली लावायची. शास्त्र बरोबर आहे. सर आली. मेहुणा घड्याळ लावून बसला. मी बादली पोटाशी धरून कोपऱ्याखाली उभा. पागोळी माझ्या पायांवरून वाहत होती, उत्तम, पांढरी, जाड पागोळी, आणि ती मातीत जाताना मी पाहत होतो. "अजून नाही, भाऊजी... अजून नाही... हं, आता!" मी बादली पुढे केली आणि सर थांबली. ऊन पडलं. एक कावळा येऊन कापडावर बसला.

हे दिवसभर चाललं. प्रत्येक सरीत पहिलं पाणी सोडायचं आणि दुसरं यायचंच नाही. कावळा तोच होता.

रात्री मात्र पाऊस बसला. कौलं दिसेनाशी झाली, माडांच्या झावळ्या एका बाजूला झोपल्या. "आता लागेल," मेहुणा म्हणाला. पण कडेने पागोळीच पडेना. एवढा पाऊस आणि कडेने थेंब थेंब! बॅटरी वर मारली तेव्हा उलगडा झाला. कापड मध्यभागी गाभण म्हशीच्या पोटासारखं खाली आलं होतं. पाणी आत बसलं होतं आणि उठायला तयार नव्हतं.

आता पुन्हा गणित, हे मात्र मी स्वतः केलं. दोन चौरस मीटर जागेत पाच सेंटीमीटर पाणी साठलं की १०० लिटर होतं आणि १०० लिटर म्हणजे १०० किलो. ते १०० किलो दोन ॲल्युमिनियमच्या पायांवर, आणि त्याच्याखाली मी. पाऊस थांबलेला नव्हता, म्हणजे वजन माझ्या डोळ्यांदेखत वाढत होतं. एक पाय कुरकुरला. माझा नव्हे, ऑनिंगचा.

"खालून ढकला!" मेहुणा गाडीतून ओरडला. मी हात वर केला. "हात नको! हात लावला की तिथून गळतं!" कापड विणलेलं ॲक्रेलिक असतं, वर पाणी न धरणारा लेप असतो म्हणून ते थेंब पेलतं, पण भिजलेलं असताना खालून बोट टेकवलं की त्या जागेतून पाझरू लागतं, असं त्याने खिडकीतून मला समजावलं. हे समजावून होईपर्यंत पाच बोटांच्या पाच धारा माझ्या बाहीत शिरल्या होत्या. मग खराटा आला. खराट्याच्या दांड्याला टॉवेल गुंडाळून मी ते पोट पुढच्या कडेकडे ढकलायला लागलो. पाण्याला कुणी कुठे ढकलावं हे पाणी ऐकत नाही. ते आधी उजवीकडे गेलं, विचार करून परत आलं, मग सगळंच्या सगळं गाडीच्या अंगाला वळलं. तिथे दार होतं. दार उघडं होतं. दारात माझी बायको काय गोंधळ चाललाय ते बघायला आली होती.

ती काही बोलली नाही. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर काही बोलायची गरज उरत नाही. तिने आपल्या भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि टॉवेल मागितला. टॉवेल खराट्याला होता.

सकाळी आबा आले. त्यांनी ऑनिंगला एक प्रदक्षिणा घातली आणि मेहुण्याला म्हणाले, "मेल्या, पान्याक वाट दी. मगे ता आपसूक येता." आणि त्यांनी पुढचा एक पाय सरळ हातभर खाली घेतला. एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला बुटकं. दिसायला लंगडं, पण कापडाला उतार आला. झोळ काढायला दोऱ्या नव्याने ताणल्या. सगळं पाणी बुटक्या कोपऱ्यात यायला लागलं. तिथून ते टाकीच्या तोंडापर्यंत न्यायला आबांनी गोठ्यामागून पोफळीच्या खोडाची अर्धी चिरून कोरलेली जुनी पन्हळ आणून दिली. या पन्हळीने आबांच्या वडिलांनी बागेला पाणी दिलं होतं म्हणे. टाकीचं तोंड पेल्याएवढं, पन्हळ वीतभर रुंद. मधे पाण्याची प्लास्टिकची बाटली कापून नरसाळं केलं, आणि त्यावर गाळणीला बायकोची सुती ओढणी. ती मागायला मेहुणा गेला. बहीण त्याची आहे.

एवढं सोपं होतं, तर हे सगळं आदल्या दिवशी का सांगितलं नाही, असं मी आबांना विचारलं. ते म्हणाले, "इचारल्यात खंय?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या आत टाकी भरली. मेहुणा अर्ध्या झोपेत नाचला. पण त्याच्या गणितात टाकी भरल्यावर पाऊस थांबवण्याची तरतूद नव्हती. पन्हळ वाहतच राहिली. मग बादल्या भरल्या, पातेली भरली, कुकर भरला, थर्मास भरला. फुकट जाणारं पाणी बघवत नाही हा मध्यमवर्गीय रोग आहे. त्यावर औषध नाही. माझी मुलगी बुटांच्या खोक्यातली प्लास्टिकची पिशवी घेऊन उभी होती. वीस पावलांवर विहीर तशीच व्हावत होती.

प्यायला हे पाणी उकळूनच घ्यायचं असं ठरलं. चहा केला. चहाला कापडाचा, ओढणीचा आणि पोफळीचा असा मिश्र वास होता. मेहुणा म्हणाला, ही निसर्गाची चव. काकींनी तो चहा एकदाच घेतला आणि नंतर सकाळ-संध्याकाळ चहा त्यांच्याकडून यायला लागला, सोबत तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी. स्वावलंबनात पिठी बसते का, हा प्रश्न कुणी काढला नाही.

अंघोळीची गंमत वेगळीच. पावसाच्या पाण्यात क्षार नसतात, त्यामुळे साबणाला फेस येतो तो काही विचारू नका. यायला येतो; जायला तयार नसतो. एक बादली ओतली, अंग बुळबुळीत. दुसरी ओतली, तरी बुळबुळीत. तिसऱ्या बादलीनंतर टाकीच्या काट्याकडे बघून मेहुणा बाहेरून दार ठोठावू लागला. मग मी अर्धा साबण अंगावर घेऊन तसाच बाहेर पावसात जाऊन उभा राहिलो. म्हणजे साडेसात चौरस मीटर कापड, दोन पाय, चार चिरे, एक पन्हळ, एक ओढणी आणि एक रात्रीची झोप खर्चून जे पाणी मिळवलं, त्याने लावलेला साबण धुवायला मी आभाळाखालीच आलो. आबा ओटीवरून बघत होते. त्यांनी सभ्यपणे पाठ फिरवली, पण खांदे हलत होते.

परतायच्या दिवशी खरा पेच समजला. ऑनिंग ओलं गुंडाळलं की बुरशी धरतं, आणि एकदा काळे ठिपके पडले की कापडाचा तो लेप गेलाच. वाळवून गुंडाळावं, हे पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर होतं. कोकणात जुलैत वाळवून! तिथे दोरीवर घातलेला माझा बनियन ज्या ओलाव्याने गेला त्याच ओलाव्याने घरी आला. शेवटी मेहुण्याने खाचेतून कापड ओढून काढलं, घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवलं. घाटाघाटात ती घडी झिरपत होती. त्याच्या फ्लॅटमध्ये जागा नाही. आमच्या हॉलमध्ये पंखा आहे.

तेव्हापासून तीन बाय अडीच मीटरचं ते कापड आमच्या ठाण्याच्या हॉलमध्ये एका दोरीवरून लोंबतं आहे. टीव्ही बघायचा तर ते उचलून आत शिरावं लागतं. पाहुणे कमी झाले आहेत, ही त्यातली जमेची बाजू. मेहुण्याचा दर शनिवारी फोन येतो. "वाळलं का हो, भाऊजी? वाळलं की सांगा. हस्ताचा पाऊस वेंगुर्ल्याला बघू म्हणतोय. या वेळी दोन्ही बाजूंना ऑनिंग लावतो, पंधरा चौरस मीटर होतील."

"अजून दमट आहे रे," मी सांगतो.

कापड केव्हाच वाळलं आहे. पण मी सकाळी दूध तापवायला उठतो, तेव्हा बायको झोपेत असताना त्यावर तांब्याभर पाणी शिंपडून ठेवतो. परवा तांब्या जागेवर सापडेना. पाहिलं, तर बायको आधीच उठून शिंपडत होती.