‘क्लिअर द वे’ की ‘पेव्ह द वे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा. तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली पण लाइट गेलेली, म्हणून आज निवांत लिहिते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : दादांचं म्हणणं की ‘क्लिअर द वे’ आणि ‘पेव्ह द वे’ या दोन्हींचा अर्थ ‘मार्ग मोकळा करणे’ एवढाच आहे, मी मागच्या लेखात उगाच फरक काढून पोरांचा गोंधळ वाढवला. दुसरं म्हणजे ‘क्लिअर’नंतर ‘ऑफ’ (of) कधीच येत नाही असं मी लिहिलं ते चूक. आणि इंग्रजी शिकवायला पाखाडी (आमच्याकडची चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट) नि पालखी कशाला, इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा. शेवटी त्यांनी मला एक वाक्य दिलंय भाषांतराला, त्याच्याकडे येतेच.

‘ऑफ’चं आधी घेते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. ‘दे क्लिअर्ड द रोड ऑफ स्टोन्स’ हे शुद्ध इंग्रजी आहे, मी ‘कधीच’ हा शब्द लिहायला नको होता, लेखात दुरुस्त केलाय. पण तो का लिहिला गेला ते ऐका. माझ्याकडे क्लासला येणारी पोरं लांजा-राजापूरकडच्या मराठी शाळांतली, ती पेपरात रोज ‘प्रकल्पाचा मार्ग मोकळा’ असलं हेडिंग वाचतात आणि मग इंग्रजीत लिहितात ‘द वे ऑफ प्रोजेक्ट बिकेम क्लिअर’. म्हणजे ‘चा’ दिसला की ‘ऑफ’. खरं तर इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘ऑफ’नंतर येते ती अडचण, जी उचलून बाजूला टाकायची, आणि ‘फॉर’नंतर येतो तो ज्याला पुढे जायचंय. पावसात परशुराम घाटात दरड आली की माती-दगड उपसतात ना, तेव्हा ‘वर्कर्स क्लिअर्ड द रोड ऑफ मड अँड स्टोन्स’, आणि मग थांबलेल्या एसट्या सुटतात, म्हणजे ‘दॅट क्लिअर्ड द वे फॉर द बसेस’. दगडाला ‘ऑफ’, एसटीला ‘फॉर’. हे एकदा डोक्यात बसलं की पोरं चुकत नाहीत, मी बघितलंय. आणि प्रकल्पाचं हेडिंग मग ‘द वे इज नाऊ क्लिअर फॉर द प्रोजेक्ट’ किंवा ‘द वे हॅज बीन क्लिअर्ड फॉर द प्रोजेक्ट’ असं होतं, कारण मराठीत मार्ग आपला आपण मोकळा ‘होतो’, इंग्रजीत बहुतेक वेळा तो कोणीतरी मोकळा केलेला असतो.

आता मुख्य मुद्दा. डिक्शनरीत दोन्हींना एकच मराठी अर्थ दिलेला असतो हे खरं, आणि काही वाक्यांत एकाच्या जागी दुसरं टाकलं तरी चालून जातं हेही मान्य. पण म्हणून दोन्ही एक होत नाहीत दादा, आणि इथे मला पाखाडीशिवाय दुसरं काही सुचतच नाही, कारण आपल्याकडे वाटेवर ही दोन्ही कामं वेगवेगळी होतात आणि प्रत्येक पोराने ती डोळ्यांनी बघितलेली असतात. पाऊस सरत आला की वाडीतल्या वाटेवर रानमोडी, घाणेरी एवढी माजते की माणूस दिसत नाही, मग गणपतीच्या आधी चार जण कोयती घेऊन जातात आणि बेणणी करतात. वाट होतीच, तिच्यात आलेलं काढलं. हे ‘क्लिअर’. आणि जिथे नुसता चिखलाचा उतार आहे तिथे जांभ्याचे चिरे आणून एकेक पायरी बसवायची, सांधे भरायचे, पाणी जायला बाजूने जागा ठेवायची, तेव्हा म्हातारी माणसं त्या उतारावरून खाली उतरू शकतात. हे ‘पेव्ह’. त्या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थच मुळात ठोकून घट्ट करणं असा आहे, आपण अंगण चोपतो तसं. म्हणजे एकात आडवं आलेलं काढून टाकायचं आणि दुसऱ्यात पुढच्या गोष्टीसाठी आधीची तयारी करून ठेवायची, अडचण असो नसो.

हापूसवरून तर हे अगदी स्पष्ट होतं, आणि बागायतदाराच्या पोरांना हे उदाहरण मी मुद्दाम देते. भारतातला आंबा अमेरिकेत 1989 पासून जात नव्हता, फळमाशी आणि कोयीतला भुंगा तिकडे जाईल ही त्यांची भीती. मग 2006 मध्ये दोन देशांचं बोलणं झालं, आंब्यावर विकिरण प्रक्रिया (किरणांनी आतली कीड निकामी करणं) करून पाठवायचं ठरलं, तशी सोय नाशिक जिल्ह्यात लासलगावला होती, आणि 2007 मध्ये अमेरिकेने नियम बदलला नि त्याच वर्षी आंबा गेला. आता यात विकिरणाची सोय, बोलणी, कागदपत्रं, ही सगळी तयारी, म्हणून ‘इर्रेडिएशन पेव्ह्ड द वे फॉर इंडियन मँगोज’. आणि ज्या नियमाने दार बंद होतं तो नियमच बदलला, तेव्हा ‘द न्यू रूल क्लिअर्ड द वे फॉर इंडियन मँगोज टू एंटर द अमेरिकन मार्केट’. बघा, दोन्ही वाक्यं एकाच आंब्याबद्दल आहेत पण वेगळी गोष्ट सांगतात. युरोपने 2014 च्या मे महिन्यात, ऐन सीझनमध्ये, आंबा बंद केला आणि 2015 मध्ये बंदी उठवली, तिथेही बंदी उठणं हे ‘क्लिअर’च, कारण बंदी हीच अडचण. ते ‘पेव्ह’ लिहिलं तर कोणी पेपरात मार्क कापेल असं नाही, पण वाचणाऱ्याला वाटेल की बंदी उठणं ही पुढच्या कशाची तरी पहिली पायरी होती.

आणखी एक लक्षात ठेवायचं, या दोन्हींत काम पूर्ण झालं असं अजून म्हटलेलं नसतं. वाट मोकळी झाली, चालायचं अजून बाकी आहे. पोरं लिहितात ‘ही क्लिअर्ड द वे अँड गॉट द जॉब’, त्यांच्या मनात असतं की त्याने परीक्षा पास केली. परीक्षा ‘क्लिअर’ केली हे आपल्याकडचं बोलणं आहे आणि आपल्याकडे चालतं, पण त्यात ‘वे’ घालायचा नाही. ‘हर डिग्री पेव्ह्ड द वे फॉर अ बँक जॉब’ हे चालेल, कारण डिग्री म्हणजे तयारी.

पालखीचं उदाहरण तुम्हाला नको वाटलं, पण ते मी काढणार नाही. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी यायची असते तेव्हा आदल्या दिवशी वाटेवरची लाकडं, दगड, वाळत घातलेला पेंढा उचलतो, ते ‘वुई क्लिअर्ड द वे फॉर द पालखी’. आणि पालखी समोर आली की आपण स्वतः गडग्याला (दगडी कुंपणाला) टेकून उभे राहतो, जागा देतो, ते ‘वुई मेड वे फॉर द पालखी’. मेक वे म्हणजे स्वतः सरकणं. पुस्तकातलं उदाहरण द्यायचं तर राजा आणि त्याची घोडागाडी येते, ती माझ्या पोरांनी कधी बघितली नाही, पालखीला मात्र त्यांनी स्वतः वाट दिलेली असते. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकावं हे तुमचं म्हणणं ज्याच्या घरात इंग्रजी पुस्तकं आहेत त्याच्यासाठी ठीक आहे, माझ्याकडे एका बाकावर तीन पोरं बसतात त्यांतल्या दोघांच्या घरी वर्तमानपत्रही येत नाही, त्यांना अर्थ आधी त्यांच्या वाटेवर दाखवावा लागतो आणि मगच शब्द टिकतो. यात मी कमीपणा मानत नाही.

उलट मराठीची पकड असली तर कुठे भाषांतर करायचं नाही हेही कळतं. आपण ‘अश्रूंना वाट मोकळी करून दिली’ म्हणतो, तिथे ‘क्लिअर्ड द वे फॉर टिअर्स’ लिहिलं तर इंग्रज माणसाला काही कळणार नाही, तिथे साधं ‘शी लेट हर टिअर्स फ्लो’. ‘गर्दीतून वाट काढली’ तेही नाही, ते ‘मेड हिज वे थ्रू द क्राउड’. हीच ‘वाट’ मराठीत पाहतात, लावतात, काढतात, आणि दर वेळी इंग्रजी वेगळं.

आता तुमचं वाक्य. ‘साकव झाल्यामुळे पोरांचा शाळेचा मार्ग मोकळा झाला.’ तुम्ही विचारलंय क्लिअर की पेव्ह. दोन्ही नाही. वहाळाला म्हणजे ओढ्याला पाणी होतं, वर साकव म्हणजे पायी जायचा छोटा पूल बांधला, आता पोरं पावसात पण शाळेत जातात. इथे ‘पेव्ह द वे’ लिहिलं तर पोरं अजून जायची आहेत असं होईल, आणि ‘क्लिअर’ म्हटलं तर वहाळ कोणी काढला नाही, तो तिथेच वाहतोय. मी असं लिहीन : ‘द न्यू फुटब्रिज हॅज मेड इट सेफ फॉर द चिल्ड्रन टू वॉक टू स्कूल इन द मॉन्सून’.