उपवास सोडायचा कसा, हे विचारलंत का?

गेल्या श्रावणात माझ्या बाबांनी पाच दिवसांचा जलउपवास धरला. वय 68, डायबेटिस 14 वर्षांचा. इथे मुलुंडमध्येच एका हॉलमध्ये शिबिर झालं होतं. पाच दिवस फक्त पाणी आणि लिंबू, बाकीचं शरीर बघून घेतं, असं तिथे सांगितलं. कोणत्या गोळ्या चालू आहेत हे तिथे कुणी विचारलं नाही, बाबांनीही आपणहून सांगितलं नाही आणि गोळ्या रोजच्यासारख्या चालू ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी उठले तर बाबा स्वयंपाकघरात अंधारात ओट्याला धरून उभे. सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावलेली, पाठ घामाने निथळत होती. मी म्हटलं, "बाबा, काय होतंय?" तर म्हणाले, "डेपोत जायचंय, पहिली गाडी माझी आहे." बेस्टमधून रिटायर होऊन त्यांना दहा वर्षं झालीत. आईने ग्लुकोमीटर लावला, आकडा आला 46. साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं तेव्हा कुठे त्यांनी मला नावाने हाक मारली. पुढे दोन दिवस हॉस्पिटलमध्ये काढावे लागले, कारण त्या गोळीचा असर बराच वेळ टिकतो आणि साखर वर आली तरी पुन्हा घसरू शकते.

गोळी होती ग्लिमेपिराइड. पोटात अन्न असो वा नसो, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. आपल्यापैकी कितीतरी घरांत ही गोळी डब्यात असेल, म्हणून नाव लिहितेय. डायबेटिसच्याच डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. त्या चालू असताना उपाशी राहिलं तर रक्तात कीटोनचं आम्ल साचू शकतं, आणि साखर फारशी वाढलेली नसल्यामुळे ते पटकन लक्षातही येत नाही.

मी उपवासाच्या विरोधात नाही. मी स्वतः करते, आणि कमी खाण्यात ताकद आहे हे मनापासून मानते. ब्रिटनमध्ये डायबेटिस होऊन सहा वर्षं झाली नव्हती अशा लोकांना काही महिने दिवसाला साधारण 850 कॅलरींवर ठेवलं होतं. 2017 साली त्याचे निकाल आले: वर्षभराने त्यांतल्या 46 टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय डायबेटिसच्या रेषेखाली होती. पण त्यांच्या डायबेटिसच्या आणि बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बंद केल्या होत्या आणि पुढे लक्ष ठेवलं होतं. बाबांच्या बाबतीत नेमकं हेच झालं नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की उपवासाला नोबेल मिळालं. 2016 चं नोबेल योशिनोरी ओसुमी यांना मिळालं ते पेशी स्वतःचेच जुने भाग कसे मोडून वापरतात, या ऑटोफॅजीच्या शोधासाठी. त्यांनी ते यीस्टच्या उपाशी ठेवलेल्या पेशींमध्ये पाहिलं. केवढं सुंदर काम आहे ते! पण पाच दिवस पाण्यावर राहिल्याने 68 वर्षांच्या माणसाचा आजार जातो, असं त्यातून निघत नाही.

आणि आयुर्वेदाचं नाव घेऊन कुणी सरसकट सगळ्यांना उपाशी ठेवत असेल तर मला खरंच राग येतो. चरकसंहितेत लंघनाचे, म्हणजे शरीर हलकं करण्याचे, दहा प्रकार दिलेत, उपवास हा त्यातला एक. त्याच अध्यायात बृंहण कुणाला द्यायचं, म्हणजे पोसायचं कुणाला, याचीही यादी आहे. क्षीण, कृश, दुर्बल यांच्या पंगतीत तिथे वृद्धही बसलेत.

आमच्या शेजारच्या बेन दर पर्युषणात अठ्ठाई करतात. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्ताच्या आत. नवव्या दिवशी पारणं असतं, तेव्हा मी जातेच. घरातले एकेक जण येऊन त्यांना चमच्याने मुगाचं पाणी पाजतात. बस, तेवढंच, बाकी जेवणाची त्या दिवशी घाई नाही. मी एकदा हौसेने शिरा घेऊन गेले तर त्यांनी हसून तो नातवाला दिला आणि म्हणाल्या, "बेटा, पेट हजी सूतेलुं छे." पोट अजून झोपलंय. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माणसाने एकदम पोटभर खाल्लं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत खेचलं जातं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हे मला हॉस्पिटलात कळलं. बेनना ते शब्द माहीत नसतील, पण पारण्याची रीत त्यांच्या घरात पक्की आहे. शिबिरातल्या कागदावर मात्र पाचव्या दिवसापुढे काहीच छापलेलं नव्हतं.

आपल्याकडे दुसरंच टोक. एकादशी दुप्पट खाशी! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा, वर वरीचा भात. डायबेटिसवाल्याला यापेक्षा रोजची ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी परवडली, हे मी आमच्या घरात भांडून मान्य करून घेतलंय.

बाबांना उपवास करणं थांबवायचं नव्हतं, श्रद्धा आहे त्यांची. म्हणून आषाढीच्या आधी आम्ही त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: त्या दिवशी कोणती गोळी घ्यायची नाही, साखर किती वाजता तपासायची, आणि आकडा 70 च्या खाली गेला तर उपवास तिथेच सोडायचा. तो कागद फ्रीजवर लावलाय. आषाढीला दुपारी चार वाजता बाबांनी स्वतः बोट टोचून आकडा वाचला, 112, आणि मला मोठ्याने ओरडून सांगितला.