एकोणऐंशी पेपर आणि एक लाल पेन

फोटोतली वही माझ्या निवृत्तीच्या वर्षी अर्धवट राहिलेली आहे. पहिल्या सात पानांवर नववी ‘ब’चे घटक चाचणीचे गुण, आठव्या पानापासून ‘स्टार ट्रेक’. मूळची मालिका बरं का, एंटरप्राइझ या अंतराळजहाजाचा कॅप्टन कर्क आणि त्याचा टोकदार कानांचा, तर्कावर चालणारा अर्धा परग्रही अधिकारी स्पॉक यांची, अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर 1966 ते 1969 अशी चाललेली. तीन सीझन, 79 भाग. जूनमध्ये भाची नोकरीसाठी आमच्याकडे राहायला आली तेव्हा सुरुवात केली आणि दिवाळीच्या फराळाआधी संपवली. रात्रीची भांडी आवरली की एक भाग, मग गुण. शंभरपैकी. पासिंग 35.

“मावशी, दहापैकी दे ना. सगळे दहापैकीच देतात.”

दहापैकी गुण म्हणजे तोंडी परीक्षा. कुणालाही सात देऊन वाटेला लावता येतं. तीस वर्षं दहावीचं गणित तपासलेल्या बाईला अर्ध्या गुणासाठी मॉडरेटरशी वाद घालायची सवय असते, तिचं दहा आकड्यांत कसं भागणार?

नियम पहिल्याच रात्री ठरले. बाकीच्यांनी काय गुण दिलेत ते इंटरनेटवर आधी बघायचं नाही. दोघींनी वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं, मग एकदम उघडायचं. अक्षराचे गुण नाहीत, म्हणजे खडक थर्मोकोलचे दिसतात, परग्रहाचं आकाश रंगवलेला पडदा आहे, म्हणून गुण कापायचे नाहीत. 2006 साली या भागांतली अंतराळाची दृश्यं कॉम्प्युटरवर नव्याने करून बसवली. भाचीने आधी तीच आवृत्ती लावली होती, मी जुनी लावायला सांगितली. पोराचा पेपर दुसऱ्याने सुवाच्य अक्षरात उतरवून दिला तर तो मी का तपासू?

आणि सगळ्यात मोठा नियम स्टेप्सचा. गणितात उत्तर चुकलं पण पायऱ्या बरोबर असतील तर पाचपैकी चार सहज मिळतात. पायऱ्या काहीच नाहीत आणि उत्तर मात्र बरोबर, असं असेल तर एक. ते शेजारच्याचं बघून लिहिलेलं असतं. ही मालिका आता साठीला आली, तिची बरीच उत्तरं आज चुकीची आहेत. त्यावरून नापास करत बसलं तर निम्मा वर्ग घरी जाईल. मला बघायचं होतं ते हे लोक उत्तरापर्यंत कसे पोचतात ते.

‘द डेव्हिल इन द डार्क’ घ्या. एका ग्रहावरच्या खाणीत कुठलासा प्राणी कामगारांना जाळून मारतोय, पन्नासएक माणसं गेली आहेत. प्राणी म्हणजे काय, तर यानोश प्रोहास्का नावाचा स्टंटमॅन रबराची गोधडी पांघरून रांगतोय. भाची म्हणाली, “मावशी, हा पिझ्झा आहे.” मलाही हसू आवरेना. पुढे उलगडतं की खाणवाले जे गोल दगड बिनकामाचे म्हणून फोडत सुटलेत ती त्या प्राण्याची अंडी आहेत, आणि ती आई आहे.

आता पायऱ्या बघा. आधी कर्क तिला मारायच्या बाजूचा, स्पॉक वाचवायच्या. मग कर्क बोगद्यात एकटाच तिच्यासमोर सापडतो आणि शस्त्र हातात असून चालवत नाही. तेव्हा स्पॉक, तोच स्पॉक, घाबरून पलीकडून सांगतोय, मारा तिला, लगेच मारा! मित्र संकटात आहे म्हटल्यावर त्याचं सगळं तर्कशास्त्र गेलं कुठल्या कुठे. दोघांनी जागा बदलल्या आणि तसं कुणी बोलूनही दाखवलं नाही. शेवटी सौदा काय ठरतो, तर पिल्लं बोगदे खणतील, माणसं धातू काढतील. खाणवाल्यांचा राग निवळतो त्यात नफाही आहे, हेसुद्धा लपवलेलं नाही. एक पायरी गाळलेली नाही. गोधडी शेवटपर्यंत गोधडीच राहिली, पण भाचीचं हसू मधेच कुठेतरी थांबलं होतं. माझे 94, तिचे 91.

‘बॅलन्स ऑफ टेरर’ही तसाच. पाणबुड्यांच्या लढाईचं कथानक उचलून अंतराळात नेलंय. शंभर वर्षांत ज्या शत्रूचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं, तो पहिल्यांदा पडद्यावर दिसतो आणि त्याचे कान हुबेहूब स्पॉकसारखे! पुढच्या सेकंदाला जहाजावरचा एक अधिकारी मान वळवून स्पॉककडे बघतो. त्या बघण्याला मी वेगळे पाच गुण दिले. आपल्याकडे दंगलीच्या दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तसं बघणारे डोळे मी पाहिलेत. भाग सुरू होतो लग्नाने आणि त्या लढाईत एंटरप्राइझवरचा एकच माणूस मरतो, नवरामुलगा. 92.

थोडं मागे जाते. पहिल्यांदा ही मालिका पाहिली ती डोंबिवलीत, शेजारच्या काकांकडे, रविवारी सकाळी दूरदर्शनवर. मी तेव्हा कॉलेजात. इंग्रजी निम्मं डोक्यावरून जायचं. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे लाल शर्टवाला मरतो हा जगप्रसिद्ध नियम आम्हाला ठाऊकच नव्हता! कर्कचा शर्ट करडा, मरणाऱ्याचा करडा, सगळेच करडे. कोण जाणार याची धाकधूक आम्हाला खरीखुरी असायची. परवा भाची लाल शर्ट दिसला की म्हणायची, “हा गेला.” मला वाईट वाटायचं, त्या शर्टवाल्याचं आणि थोडं तिचंही.

‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ला मी मध्येच थांबवायला लावलं. ट्रिबल म्हणजे केसाळ, गुरगुरणारे गोळे, जे खातात आणि वितात. धान्याच्या कोठाराचं दार उघडल्यावर कर्कच्या डोक्यावर त्यांचा पाऊस पडतो, तेव्हा स्पॉक शांतपणे आकडा सांगतो: 17,71,561. दर बारा तासांनी एका पिढीला सरासरी दहा पिल्लं, तीन दिवस, सुरुवात एका ट्रिबलपासून. मी वहीच्या मागच्या पानावर केलं. तीन दिवसांत बारा तासांच्या सहा पिढ्या. प्रत्येक वेळी जुना एक अधिक नवे दहा, म्हणजे अकरा पट. अकराचा सहावा घात. 121, 1331, 14641, 161051, 1771561. बरोब्बर! विनोदी भागात, जिथे कुणी तपासणार नाही, तिथेही गणित चोख. लेखक डेव्हिड गेरॉल्ड तेव्हा विशीतला पोरगा होता. 90, आणि वहीत बाजूला ‘शाब्बास’ लिहिलंय. वर्गात हा शब्द मी फार स्वस्त केला नव्हता.

आता उलटी बाजू. ‘लेट दॅट बी युअर लास्ट बॅटलफील्ड’ हा भाग लोकांना पाठ असतो. दोन माणसं, दोघांचे चेहरे अर्धे काळे, अर्धे पांढरे, पण एकाची डावी बाजू काळी आणि दुसऱ्याची उजवी, आणि एवढ्यावरून हाडवैर. जानेवारी 1969 मधला भाग. कल्पना अशी की एका वाक्यात सांगितली तरी ऐकणारा गप्प होतो. आणि तिथेच घोटाळा आहे, त्या एका वाक्यात भाग संपतो. उरलेली पन्नास मिनिटं दोघं एकमेकांवर ओरडतात, जहाजाच्या बोळांतून पळतात, परत ओरडतात. कुणी तसूभर हलत नाही. वंशद्वेष वाईट हे उत्तर पहिल्या पानावर लिहिलंय, पायऱ्या नाहीत. 46. याच्यावर भाचीने मला अर्धा तास सुनावलं. 1969 साली अमेरिकेत हे टीव्हीवर दाखवणं हीच मोठी पायरी होती, तिचं म्हणणं. असेल. मी पेपर तपासते, काळ नाही. (हे वाक्य पुढे माझ्यावर उलटलं, ते सांगतेच.)

‘स्पॉक्स ब्रेन’ला 22. एक बाई येऊन स्पॉकचा मेंदू काढून नेते आणि डॉक्टर मॅकॉय त्याचं रिकामं शरीर रिमोट कंट्रोलवर चालवतो. एवढं सांगून पुढे जाते, कारण हसून हसून चहा सांडला आणि त्याचा डाग वहीवर आहे, फोटोत दिसेल.

तिसऱ्या सीझनला पैसा कमी झाला, वेळ शुक्रवारी रात्री दहाची मिळाली, मालिकेचा कर्ता जीन रॉडेनबेरी रोजच्या कामातून बाजूला झाला. घरच्या परिस्थितीचे गुण नसतात, पण ठाऊक असली की लाल पेन जरा अडखळतं. तरी गरिबी हे कारण मला पुरेसं वाटत नाही. त्याच सीझनमधला ‘स्पेक्टर ऑफ द गन’ बघा. काउबॉयचं गाव उभं करायला पैसे नाहीत, म्हणून घरांच्या नुसत्या दर्शनी भिंती, मागे लालभडक आकाश. आणि स्पॉक काय करतो, तर या गोळ्या खऱ्या नाहीत हे एकेकाच्या मनात उतरवतो. शंकेला जागा राहिली तर माणूस मरेल. हा अख्खा भागच पायऱ्यांचा आहे! 81.

‘स्पेस सीड’मध्ये खान नूनिअन सिंग येतो. ‘उत्तर भारतातला, बहुधा शीख,’ असं जहाजावरची इतिहासतज्ज्ञ त्याचा चेहरा बघून सांगते. भूमिका मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंतालबानची, दाढी नाही आणि नावाच्या जागी आडनाव. या खानने 1992 ते 1996 आशियावर राज्य केलं म्हणे. त्या वर्षांत मी पूर्ण वेळ महाराष्ट्रात होते, फक्त अभ्यासक्रम बदलला होता. पण मोंतालबान जेवणाच्या टेबलावर ज्या तोऱ्यात बसतो, त्यापुढे सगळं माफ. 84.

‘द मेनाजरी’ची अडचण वेगळीच. 1964-65 मध्ये मालिकेचा पहिला पायलट, म्हणजे वाहिनीला दाखवायचा नमुन्याचा भाग, केला होता, तो एनबीसीने नाकारला. मग दुसरा केला. नाकारलेला पेपर फुकट का घालवा, म्हणून पुढे त्याभोवती नवी गोष्ट गुंडाळून दोन भाग केले. म्हणजे जुनी उत्तरपत्रिका पुरवणी म्हणून जोडली. त्या जुन्या भागात कर्क नाही, पाइक नावाचा कॅप्टन आहे, आणि त्याच्या हाताखाली एक काळ्या केसांची, थंड डोक्याची बाई. तिला नावही नाही, नुसतं ‘नंबर वन’. कॅप्टन पकडला जातो तेव्हा जहाज तीच सांभाळते. दुसऱ्या पायलटपासून ती गायब. ते काम करणारी मॅजेल बॅरेट पुढे सोनेरी केस लावून नर्स म्हणून आली. पुरवणीसकट 77 दिले आणि विषय संपला असं मी समजले.

‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ला 98. मूळ पटकथा हार्लन एलिसनची, 1968 चा विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार याच भागाला. कर्क आणि स्पॉक 1930 च्या न्यूयॉर्कमध्ये पोचतात. तिथे बेकारांना जेवण देणाऱ्या ईडिथ कीलरवर कर्कचा जीव जडतो. मग स्पॉक हिशेब मांडतो. ती वाचली तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळे अमेरिका युद्धात उशिरा उतरेल, अणुबॉम्ब आधी जर्मनीच्या हाती लागेल. ती रस्ता ओलांडत असताना ट्रक येतो, मॅकॉय वाचवायला धावतो आणि कर्क मॅकॉयलाच मिठी मारून थांबवतो. डोळे घट्ट मिटलेले. आमचे हे एरवी आरामखुर्चीत घोरत असतात, त्या रात्री टक्क जागे होते. दोन गुण का कापले? शंभरातले शंभर मी फक्त गणिताला देते.

भाचीचा कागद उघडला तर 80. “तिला कुणी विचारलं का?” ती म्हणाली. “सगळा हिशेब या दोघांनी केला. ती फक्त मेली.” मी म्हटलं, विचारलं असतं तर गोष्टच उरली नसती. तिने खांदे उडवले आणि झोपायला गेली.

शेवटचा भाग ‘टर्नअबाउट इंट्रूडर’, 3 जून 1969. एनबीसीने मालिकेला नापास करून घरी पाठवलं होतं. पुढे सत्तरच्या दशकात गावोगावच्या स्थानिक वाहिन्यांवर तेच भाग परत परत लागले आणि तिथे ती डोक्यावर घेतली गेली. मार्चला दांडी, ऑक्टोबरला बोर्डात, असा प्रकार. पण हा शेवटचा पेपर! जॅनिस लेस्टर नावाची शास्त्रज्ञ कर्कच्या शरीरात शिरते, कारण तिला कॅप्टन व्हायचंय, आणि या जगात स्टारशिपचं कॅप्टनपद बायकांना मिळत नाही. मालिका तिला वेडी ठरवते. शेवटी कर्क हळहळतो की ही एरवी कुणाही बाईसारखी समाधानात जगू शकली असती. वर्ण, वंश, कान यांपलीकडे बघायला शिकवणाऱ्या माणसांचं हे उत्तर. पण कर्कचं काम करणाऱ्या शॅटनरने बाईचा जीव अडकलेला कर्क जीव तोडून केलाय, आणि मॅकॉय, इंजिनिअर स्कॉटी, स्पॉक कॅप्टनवरचा संशय एकेक धागा जुळवत पक्का करतात ते नीट आहे. उत्तर चूक, पायऱ्या बऱ्या. नियम म्हणजे नियम. मी 38 लिहिले.

भाचीच्या कागदावर आकडा नव्हता. तिने माझ्याच वहीतल्या नववी ‘ब’च्या पानांवरून शिकून लिहिलं होतं: गै.ह.

“गैरहजर कोण?”

“नंबर वन. पहिल्या पेपरला होती ना ती, खुर्चीत.”

मी लाल पेन हातात धरून बराच वेळ बसले होते. फोटो मोठा करून बघा, सर्वांत खालची ओळ. 38 अजून तसेच आहेत, त्याच्यापुढे तिने चिकटवलेला कागद.