टपाची शाकारणी

गेल्या एप्रिलात मुलगी पुण्याहून चार दिवस राहायला आली. शेजारच्या अण्णांच्या गच्चीवर आमसुलं वाळत घातली होती, ती बघायला म्हणून वर गेली आणि तिथून तिनं मला एक फोटो पाठवला. फोटोत आमचं अंगण, अंगणात गाडी आणि गाडीशेजारी हातात पाइप घेऊन उभा असलेला मी. सगळं वरून घेतलेलं. खाली एक ओळ : ‘बाबा, हे कधीपासून?’

मी आधी माझ्या डोक्याकडे पाहिलं. मागच्या बाजूला बरंच मैदान मोकळं झालेलं दिसत होतं. ‘चाळिशीपासून’ असं उत्तर टाकलं. लगेच फोन वाजला. “डोकं नाही हो बाबा, टप!”

मग टपाकडे पाहिलं. चंदेरी टपाच्या मधोमध ऑस्ट्रेलियाच्या आकाराचा पांढुरका डाग, कडेनं पोपडे सुटलेले आणि खाली एक छोटा टास्मानियासुद्धा.

मी ही गाडी दर रविवारी धुतो. दारं पुसतो, आरसे पुसतो, नंबरप्लेटीवरची माती जुन्या टूथब्रशनं काढतो. टपावर मात्र खालूनच पाणी मारतो, कारण माझी उंची पाच फूट चार इंच. म्हणजे नऊ वर्षांत मी माझ्या गाडीचा टप एकदाही पाहिला नव्हता.

“अण्णा, तुम्हाला हे दिसत नव्हतं?” मी गॅलरीकडे मान करून विचारलं.

“दिसत होतं की. दोन वर्षं झाली त्याला.”

“मग सांगायचं नाही का?”

“उगाच कशाला? माणसाला वाईट वाटतं,” असं म्हणून अण्णांनी पेपरचं पान उलटलं.

मग लक्षात आलं, की आमचं घर रस्त्याच्या उताराला आहे आणि एसटीची खिडकी नेमकी आमच्या गडग्याच्या वर येते. दोन वर्षं अर्धी रत्नागिरी माझा टप बघत बघत स्टँडवर जात होती.

दुसऱ्या दिवशी माजघरातली घडवंची अंगणात आणून मी वर चढलो. पोपडा बोटानं उचकटायचा नसतो, हे मला ठाऊक होतं. गुडघ्यावरची खपली काढायची नसते हेही लहानपणापासून ठाऊक आहे. पण नखाला ती कड लागली, हलकेच ओढली आणि तळहाताएवढा पारदर्शक पापुद्रा सर्रकन सुटून आला. काय सांगू, त्या सुखाला तोड नाही. मी दुसरा ओढला, तिसरा ओढला. बायको “अहो, खाजवू नका त्याला” असं ओरडत बाहेर येईपर्यंत ऑस्ट्रेलियाचा आशिया झाला होता.

निघत होता तो रंग नव्हताच. गाडीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर काचेसारखा क्लिअर कोट असतो. हे सगळं मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा धरला, तर दोन केसांच्या जाडीवर गाडीची अब्रू उभी असते. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचा कोट आधी ठिसूळ होतो. दारं उभी, त्यांना ऊन तिरपं लागतं; टप आणि बॉनेट बिचारे आडवे, दिवसभर तोंड वर करून पडलेले. त्यात आमच्याकडे समुद्र दीड किलोमीटरवर. खारा वारा चोवीस तास आणि पावसाळ्यात सव्वाशे इंचांच्या आसपास पाऊस.

पोपड्यांचं एवढं नव्हतं. खरी धास्ती पुढच्या काचेजवळच्या तपकिरी ठिपक्याची होती. तुरीच्या डाळीएवढा. त्याच्याभोवती रंग किंचित फुगलेला.

ठिपक्यावरून घरात तीन पक्ष पडले. आई म्हणाली, आंब्याचा चीक. मुलगी म्हणाली, कावळा. मी म्हटलं, चहा असेल. गाडीच्या टपावर चहा कुणी का सांडेल, याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, पण गंज हा शब्द मला उच्चारायचा नव्हता. शेवटी बायकोनं ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं. फडकं केशरी झालं. घरात एखाद्याचा रिपोर्ट वाईट आल्यावर पसरते तशी शांतता पसरली.

मग औषधं सुरू झाली. आईचं म्हणणं, आमसुलानं घास, माझी तांब्याची घागर कशी लखलखते बघ. तेही जमेना तर परवाच्या ग्रिलचं रेड ऑक्साईड डब्यात उरलंय, ते फास. अण्णा हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. ते गॅलरीतून म्हणाले, “रेड ऑक्साईड म्हणजे लोखंडाचं ऑक्साईडच. गंजाचा सख्खा चुलतभाऊ!” मग त्यांना दिल्लीचा लोहस्तंभ आठवला. गुप्तकाळातला, सात मीटरहून उंच, सहा टनांहून जड. सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे आणि गंजून पडलेला नाही. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त, त्यामुळे पृष्ठभागावर पातळ संरक्षक थर तयार होतो. वर्गात सांगत तसं अण्णांनी हे पाऊण तास सांगितलं, मी मान वर करून ऐकलं आणि माझी मानही लोखंडाची झाली. तो स्तंभ थोर आहे, वाद नाही. पण त्याला म्हणावं, बाबा रे, एक पावसाळा रत्नागिरीत काढून दाखव.

भाच्यानं फोनवरून सगळ्यांत सोपा उपाय काढला : “मामा, वर काळा स्टिकर मारून टाक. ड्युअल टोन. हल्ली शोरूममधून तशाच येतात.” तासभर मी या विचारात रमलो. मग अण्णा म्हणाले, “वर स्टिकर, आत गंज. पगडी घातली म्हणून डोक्यातल्या उवा मरत नाहीत.” बोलताना ते माझ्या डोक्याकडे का बघत होते, कळलं नाही. तिथे उवांना राहायला जागाच नाही.

विम्याचं काम मेहुणा बघतो, म्हणून त्याला फोन लावला.

“भावोजी, गंज आणि झीज विम्यात बसत नाही. अपघात पाहिजे.”

“म्हणजे?”

“म्हणजे वरून काहीतरी पडायला पाहिजे. झाड, फांदी. नारळ पडला तरी चालेल. अर्थात दहा वर्षांवरच्या गाडीच्या पत्र्याला पन्नास टक्के घसारा जाणार, त्यामुळे हातात फार काही येईल असं समजू नका.”

मी फोन ठेवला तेव्हा माझी नजर सहज वर गेली. अंगणाच्या कोपऱ्यात आमचा माड आहे. त्याला त्या वेळी चांगले तीस-चाळीस नारळ होते. मी पापभीरू माणूस. नारळ स्वतः पाडण्याचा विचार माझ्या मनात आला नाही, आला असला तर टिकला नाही. पण गाडी कुठे उभी करायची, हा तर ज्याचा त्याचा प्रश्न. त्या रात्रीपासून ती माडाखाली.

कोकणात म्हणतात, नारळाला डोळे असतात, तो माणसाच्या डोक्यावर पडत नाही. त्याला गाडीही दिसते, हे मला तीन आठवड्यांत कळलं. दोन नारळ पडले. एक तुळशीजवळ, दुसरा विहिरीत.

दरम्यान अण्णांनी आणखी एक परीक्षा सुचवली : चुंबक लावून बघा. पत्र्याला चिकटतो, लांबीला, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीला, चिकटत नाही. घरात चुंबक एकच, फ्रिजवरचा, गणपतीपुळ्याहून आणलेला. बाप्पांना हातात धरून मी घडवंचीवर चढलो. उजवीकडे बसले, डावीकडे बसले, मागे बसले. ठिपक्याजवळ मात्र काही केल्या बसेनात. लावले की घसरून काचेवर.

“म्हणजे तिथे लांबी भरलीय,” अण्णा म्हणाले. “घेतलीत कुणाकडनं?”

२०१६ साली घेतली तेव्हा एजंटनं सांगितलं होतं, डॉक्टरांची गाडी आहे, एकहाती वापरलेली, कुठे हातसुद्धा लागलेला नाही. आता विचार करतो तर महाराष्ट्रात विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांचीच असते. मास्तरांच्या, वकिलांच्या, वाळूवाल्यांच्या गाड्या जातात कुठे?

मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो, तर तिथल्या टायवाल्या मुलानं टॅबलेटवर बोट फिरवत अठरा हजारांचा आकडा सांगितला आणि वर “सर, गाडी एक्स्चेंज करायचा विचार केलाय का?” असं इतक्या हळुवार आवाजात विचारलं, की मी गाडीच्या काचा बंद आहेत ना ते पाहिलं. तिनं ऐकू नये, दुसरं काय.

शेवटी नाक्यावरचे पेंटरमामा. पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर, दाराशी झोपलेलं कुत्रं. मामांनी माझ्याशी एक शब्द न बोलता टपावर बोटाची पेरं वाजवायला सुरुवात केली. ठण. ठण. ठण. थप्. पुन्हा एकदा, डोळे मिटून. थप्. आमच्या लहानपणी डॉक्टर पाठीवर असंच वाजवायचे आणि आईला बाजूला बोलवायचे. मामांनी मला बाजूला बोलावलं.

“मिरग लागायच्या आत करायला लागेल. हवेत पाणी चढलं की रंग धुरकट बसतो. साडेसहा हजार. आतनं पत्रा सडला असेल तर मग वेल्डिंग, ते वेगळं.”

सात जूनला पंधरा दिवस होते. आमच्याकडे मेअखेर म्हणजे सगळ्या गावाला एकदम वर बघायची वेळ. कौलं चाळायची, फुटकी बदलायची, घर शाकारून घ्यायचं. त्या गर्दीत मी गाडी शाकारायला टाकली.

पत्रा किती सडलाय हे कळेपर्यंत मला तिथून हलवेना. मामांच्या पोऱ्यानं ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर घेऊन घासायला सुरुवात केली. चंदेरी गेलं, करडं गेलं, आणि ठिपक्याच्या जागी पिवळट लांबी उघडी पडली. ती खरवडून काढली, तर खाली एक छान गोल खड्डा. वाटीएवढा. आतून सगळा तपकिरी. मामांनी त्यात मूठ ठेवून पाहिली आणि वर बघून हसले.

“नारळ पडलाय साहेब ह्याच्यावर.”

“कधी?”

“तुमच्या आधी. खड्डा ओढून सरळ करायचा कंटाळा केलान, नुसती लांबी भरलान. लांबी पाणी पिते. वरचा रंग फुटला, पाणी आत गेलं, मग काय. गंज फुगतो आणि रंगाला वर ढकलतो.”

मी मटकन टायरवर बसलो. तीन आठवडे मी माडाखाली ज्याची वाट बघत होतो, तो नारळ दहा-बारा वर्षांपूर्वीच पडून गेला होता. क्लेमही डॉक्टरांनी तेव्हाच खाल्ला असणार.

मग मामांनी पेचकस घेतला. ज्या जागी गंज खोल होता तिथे टोक टेकवलं आणि दाबलं. आरपार गेला तर वेल्डिंग. मी गणपतीपुळ्याच्या बाप्पांचं स्मरण केलं. ते बिचारे अजून डॅशबोर्डवरच होते. पेचकस अडला. मामांनी दुसरीकडे टोचलं. अडला. “जिवंत आहे पत्रा,” मामा म्हणाले. कुत्र्यानं शेपटी हलवली.

पुढचे सहा दिवस मी बँकेतून येता-जाता डोकावत होतो. खड्डा मागून ओढून वर आणला. गंजावर त्यांनी एक पाण्यासारखं औषध लावलं, तसा तो बघता बघता काळा पडला. बाटलीवर वाचलं तर फॉस्फोरिक ॲसिड. फॉस्फरस! अण्णांचा स्तंभ नाक्यापर्यंत आला होता. मग एपॉक्सी प्रायमर, नखभर लांबी, वॉटर पेपर, पुन्हा अस्तर. काचांना आणि दारांना जुने पेपर चिकटवलेले. पुढच्या काचेवर नेमकं निधनवार्तांचं पान आलं होतं. ते मी उभ्या उभ्या वाचून काढलं. दोघे ओळखीचे निघाले.

चंदेरी रंग जुळवणं हे निराळंच शास्त्र. त्यात धातूची चकाकी असते, ती पत्र्यावर कशी पडेल त्यावर छटा ठरते. कोड एकच असला तरी चौदा वर्षं उन्हात तापलेली चंदेरी आणि डब्यातली चंदेरी या सासू-सुना. मामांनी तीन वेळा मिसळून, दारावर ठिपका लावून, डोळे बारीक करून जुळवला. संध्याकाळी तंतोतंत जुळला. सकाळी बघतो तर नव्या टोपीखाली जुना माणूस.

गाडी घरी आली. बायकोनं घडवंची स्वतः लावून टपावरून हात फिरवला, “गुळगुळीत झालाय हो” म्हणाली आणि लगेच पुढचं : “आता ही माडाखाली दिसली तर बघा.”

गाडी अंगणाच्या मधोमध आणली. पण वारा सुटला की माझं लक्ष वर. नारळाला डोळे असतात यावर आता माझा विश्वास राहिला नव्हता. मामांच्या शेडमध्ये मी पुरावा पाहिला होता. शेवटी तीन जूनला माडावर चढणारा गडी बोलावला आणि कोवळे, जून, सगळे उतरवायला सांगितलं. तो सरसर वर गेला. शेंड्याला पोचल्यावर थांबला, खाली बघितलं आणि ओरडला,

“साहेब, गाडीचा टप एक नंबर दिसतोय!”

नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी वरून चांगलं बोललं होतं. मी हात वर करून दाद दिली.

“पण तुमच्या मागच्या पडवीचा पत्रा पार सडलाय हो!”

मी गॅलरीकडे पाहिलं. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“दोन वर्षं झाली त्याला.”