फळीवर आणखी एक फळी कशाला?

लग्नसराई जवळ आली की जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. सार असं: 'प्लायच्या सपाट पलंगावर कडकच गादी घ्या, पाठ सरळ राहते. खाली फळी असली की कुठलीही गादी चालते. जितकी जाड तितकी चांगली. आणि दरवर्षी मे महिन्याच्या उन्हात दिवसभर टाका, दहा वर्षं बघायला नको.' यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो.

कडकपणाचं आधी. पाऊण इंची प्लाय तसूभरही दबत नाही. कडकपणा खालून फुकट मिळतोय, मग वर पुन्हा कडक गादी टाकून कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि खुबा कुठे जायचा? स्पेनमध्ये जुन्या कंबरदुखीच्या 313 जणांवर झालेला अभ्यास 2003 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम. 90 दिवसांनी मध्यम गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झालेला होता. मध्यम म्हणजे मऊ नव्हे, हेही लक्षात घ्या. कंबर खड्ड्यात गेली की दुखणं ठरलेलं.

दुकानात एक गंमत असते. चार-पाच गाद्या एकावर एक रचलेल्या असतात आणि आपण वरच्या गादीवर बसून म्हणतो, 'वा, काय मऊ आहे भो!' तो मऊपणा खालच्या गाद्यांचाही असतो. तीच गादी घरी प्लायवर टाकली की वेगळीच लागते. दुकानदाराला सांगून ती जमिनीवर टाकायला लावा आणि पाच-दहा मिनिटं कुशीवर पडून बघा. लोक बघतात तर बघू देत.

आता 'कुठलीही चालते'. बॉक्स पलंगात खाली गोधड्या, ब्लँकेटं ठासून भरलेली, वर सनमायका. हवा जायला जागाच नाही. अंगाचा घाम खाली उतरतो, त्यात आपल्याकडे उन्हाळाभर कूलरची ओल आणि पाठोपाठ पावसाळा. श्रावणात एकदा गादीचा कोपरा उचलून बघा: कुबट वास येतो, कधी काळे ठिपकेही दिसतात. सुताराकडून फळीला वीतभर अंतरावर इंची होल पाडून घ्या आणि मधूनमधून गादी उभी करून ठेवा. काथ्याच्या गादीतून हवा खेळते, पातळ फोमचा थर लावलेली मिळाली तर या पलंगाला ती चांगली. फळीऐवजी पट्ट्या असतील तर त्यांच्यातली फट तीन इंचांपेक्षा मोठी नको, नाहीतर फोम फटीत बसतो.

जाडीचं थोडक्यात: पलंग 18 इंच उंच, त्यावर दहा इंची गादी, म्हणजे आजीचे पाय लोंबकळणार. शिवाय बॉक्सचं झाकण उचलताना रोज कसरत. बहुतेकांना सहा ते आठ इंच पुरते. जाडीपेक्षा फोमची डेन्सिटी विचारा, म्हणजे एक घनमीटर फोम किती किलोचा भरतो ते. 40 ची सहा इंची गादी 28 च्या आठ इंचीपेक्षा जास्त वर्षं आकार धरते.

उन्हाचा सल्ला कापसाच्या गादीला शंभर टक्के लागू. ऊन दाखवलं की ती फुलते, आणि दबून गठ्ठा झालीच तर पिंजून घेता येते. गच्चीवर झोपायलाही तीच न्यावी. फोमला मात्र कडक ऊन मारक: तो पिवळा पडतो, पुढे भुगा होऊ लागतो. त्याला सावलीत वारा द्या. मेमरी फोम, म्हणजे अंगाच्या आकारात हळूहळू दबणारा फोम, तर उष्णतेने आणखी मऊ होतो. पारा 44 च्या वर गेलेल्या जळगावात एसी नसलेल्या खोलीत तो घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

मेसेजमध्ये मापाचा तर उल्लेखच नाही. तयार गाद्या साधारण 72, 75 आणि 78 इंच लांबीच्या मिळतात, आणि आपला सुतार पलंग खोलीच्या भिंतीला बेतून करतो. आधी गादी ठरवा, मग त्याला माप द्या. पलंग आधीच झाला असेल तर आतली लांबी-रुंदी टेपने मोजून चिठ्ठीवर लिहा आणि मगच दुकानाची पायरी चढा.